विश्लेषण : चूल बदलली, गॅस आला; तरी घरात धुराचा वास का राहतो?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की अनेक घरांत दोन प्रकारचा जाळ सुरू होतो. चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि भाकरी यांसाठी मात्र मागच्या पडवीत चूल किंवा न्हाणीत बंब पेटतो. सिलिंडर घरात असूनही कपड्यांना, पांघरुणांना आणि लहान मुलांच्या केसांना धुराचा वास येत राहतो. ‘चूल म्हटली की धूर आलाच’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. धुराचा वास हे चुलीचे नशीब नसून बिघाडाची खूण असते. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा घरच्या घरी, एका उदबत्तीच्या मदतीने शोधता येते. तो शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची जबाबदारी मात्र आजवर कोणत्याही योजनेने उचललेली नाही.

वासाकडे दुर्लक्ष का करू नये?

धुराचा वास येतो याचा अर्थ न जळलेले इंधन हवेत मिसळून घरात फिरत आहे. त्यात अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. हे कण नाकात अडकत नाहीत, ते थेट फुप्फुसात उतरतात. या कणांसाठी भारताचे २४ तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. बंद स्वयंपाकघरात ओले लाकूड जळत असेल तर हे प्रमाण काही मिनिटांत या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पट वर जाते. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

हा विषय शिरूर तालुक्याला नवा नाही. तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आहे आणि शिरूर-हवेलीतील २२ गावांच्या आरोग्याची नोंद ते वर्षानुवर्षे ठेवत आले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनसोबत या परिसरात श्वसनविकारांचा अभ्यास झाला. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसातील वायुमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार, आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही मोठ्या प्रमाणावर होतो, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. खोकणारी आजी ‘मी कधी तंबाखूला हात लावला नाही’ म्हणते तेव्हा ती खरेच सांगत असते. तिचे व्यसन चूलच होती आणि ते तिने निवडलेले नव्हते.

धूर वर जाण्याऐवजी आत का येतो?

गरम हवा हलकी असते, ती वर जाते. धुराड्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा जितकी गरम आणि धुराडे जितके उंच, तितकी ओढ जास्त. ही ओढ चार ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण इंधन. नुकतीच तोडलेली बाभूळ, नदीकाठची वेडी बाभूळ किंवा दवात भिजलेल्या तुराट्या चुलीत घातल्या की आधी त्यातले पाणी उकळते. जाळाची उष्णता पाणी वाफवण्यात जाते, ज्वाला थंड होते आणि अर्धवट जळालेला वायू धूर होऊन बाहेर पडतो. लाकडाच्या टोकातून फेस येत असेल किंवा ‘सूं’ असा आवाज होत असेल, तर ते ओले आहे हे पक्के.

दुसरे ठिकाण हवा. लाकूड जळायला खालून हवा लागते. राख साचून चुलीचा तळ किंवा बंबाची जाळी बुजली, चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले, तर ज्वाला विझत जाते आणि धूर वाढतो. फुंकणीने फुंकत बसावे लागते, याचा अर्थ चुलीला स्वतःहून हवा मिळत नाही.

तिसरे ठिकाण धुराडे. आत काजळी साचते, वरचे टोपण गंजून खाली बसते, पावसाळ्यात चिमण्या किंवा गांधीलमाश्या घरटे करतात. नळीला दोन-दोन काटकोन दिले असतील तर धुराची गती तिथेच मरते. नळी पत्र्याच्या जेमतेम वर आली असेल, तर वारा आढ्यावरून उलटून धूर पुन्हा आत ढकलतो. धुराड्याचे तोंड आजूबाजूच्या दहा फुटांतील छप्पर किंवा भिंतीपेक्षा किमान दोन फूट उंच असावे, हा जुना आणि कामाचा ठोकताळा आहे.

चौथे ठिकाण खुद्द घर. धुराड्यातून जितकी हवा बाहेर जाते, तितकी कुठून तरी आत यावी लागते. थंडीत दारे-खिडक्या घट्ट लावल्या की ती वाट बंद होते. त्यातच नव्या स्लॅबच्या घरात एक्झॉस्ट पंखा लावलेला असेल तर गंमत उलटी होते. पंखा खोलीतली हवा खेचतो, बाहेरून आत यायला दुसरी वाट नसते, म्हणून हवा धुराड्यातूनच खाली येते आणि सोबत धूर आणते. धूर घालवण्यासाठी लावलेला पंखाच धूर आत ओढतो. अशा घरात पंखा बंद करून खिडकी उघडली की फरक लगेच दिसतो.

वास नेमका कधी येतो?

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन दिवस फक्त वेळ पाहावी. वासाची वेळ अर्धे निदान करते.

पेटवतानाच वास येत असेल आणि दहा मिनिटांत जात असेल, तर धुराडे थंड आहे. आतला थंड हवेचा खांब खाली दाबत असतो. सुरुवातीला वाळलेल्या बारीक काटक्यांचा झपाट्याने जळणारा जाळ करावा, धुराडे तापू द्यावे, मगच जाड लाकूड घालावे. पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडा वापरण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. त्या धुरातील विषारी वायू लाकडाच्या धुरापेक्षा वेगळ्या आणि अधिक घातक जातीचे असतात.

जाळ चालू असताना सतत वास येत असेल, तर इंधन ओले आहे, हवा कमी आहे किंवा धुराडे तुंबले आहे. एकेक गोष्ट बदलून पाहावी. आधी पूर्ण वाळलेले लाकूड, मग राख काढणे, मग खिडकी, शेवटी धुराडे. सगळे एकदम बदलले तर दोष कुठे होता हे कळत नाही आणि पुढच्या वर्षी तोच शोध पुन्हा सुरू होतो.

जाळ विझल्यानंतर वास येत असेल, तर निखारे आणि अर्धवट जळालेली लाकडे धुमसत आहेत. धुराड्याची ओढ कमी झाल्यामुळे तो धूर खोलीत पसरतो. लाकूड बाहेर ओढून पाण्याने विझवावे. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवावी.

काहीच पेटलेले नसताना वास येत असेल, तर दोन शक्यता उरतात. दमट हवेत धुराड्यातली जुनी काजळी वास सोडते, किंवा धूर बाहेरून येतो आहे. दौंड-शिरूरमध्ये दुसरी शक्यता लहान नाही, तिच्याबद्दल पुढे.

उदबत्तीची चाचणी कशी करावी?

धूर कुठून गळतो हे डोळ्यांना दिसत नाही, कारण गळती बहुधा बारीक असते. जाळ चांगला पेटल्यावर एक उदबत्ती लावून ती चुलीच्या तोंडाशी, नळीच्या प्रत्येक जोडाशी आणि भिंतीतून नळी बाहेर जाते तिथे धरावी. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. तो बाहेर ढकलला गेला किंवा जागीच घुटमळला, तर दोष तिथे आहे. मातीच्या चुलीच्या भेगा माती, शेण आणि राख कालवून लिंपता येतात. पत्र्याच्या नळीच्या जोडाला उष्णता सोसणारा लेप लागतो; साधी चिकटपट्टी तिथे जळते आणि स्वतःचा वास सोडते. नळी पाचटाच्या किंवा गवताच्या छपरातून जात असेल, तर भोवती मोकळी जागा आणि पत्र्याची चौकट हवीच. तिथे प्रश्न वासाचा राहत नाही, आगीचा होतो.

पेलेटच्या शेगडीचे काय?

भुसा, भुईमुगाची टरफले किंवा उसाचे बगॅस दाबून केलेल्या छोट्या कांड्या म्हणजे पेलेट. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी पेलेटचे स्टोव्ह वापरतात. त्यांतला पंखा धूर नळीवाटे बाहेर फेकतो. दाराची दोरीसारखी पट्टी झिजली, नळीचा जोड सुटला किंवा पंख्यावर राख साचली, की तिथेही घरात वास येतो. देश बदलला तरी कारणे तीच राहतात.

महाराष्ट्राने हा प्रयोग स्वयंपाकघरात करून पाहिला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या तंत्रावर आधारलेली ‘ऊर्जा’ ही पेलेटची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली. खाली बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता, धूर अगदी कमी होता आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील लाखो घरांत ती गेली. पुढे बगॅस महागले, पेलेटची किंमत चढत गेली आणि बहुतेक घरांनी ती बाजूला ठेवली. शेगडी वाईट नव्हती. तिच्यासोबत परवडणारे इंधन कायम मिळेल याची हमी नव्हती. आज औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत पेलेट जाळण्याचे सरकारी धोरण आहे, कारखान्यांच्या बॉयलरलाही ती लागतात. त्यामुळे घरगुती ग्राहकाला या रांगेत पुढे जागा मिळणे अवघडच आहे.

ज्यांच्याकडे, विशेषतः ढाबे, वसतिगृहे आणि खानावळींत, अशी शेगडी चालते, त्यांनी चार गोष्टी तपासाव्यात. पेलेट ओलसर होऊन फुगले आहेत का, त्यांचा चुरा झाला आहे का. पंखा पूर्ण गतीने फिरतो का. तळाची भोके राखेच्या खड्यांनी बुजली आहेत का. आणि एक घाण संपण्याआधी वरून नवे पेलेट ओतले जातात का. शेवटची सवय धुराचे सर्वांत मोठे कारण असते.

वास नसेल तर धोका नाही, असे समजावे का?

इथेच सर्वांत मोठी गफलत होते. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो, रंग नसतो. तो सर्वांत जास्त तयार होतो तो धुराच्या लोटात नव्हे, तर हवा कमी मिळणाऱ्या लालभडक निखाऱ्यांत. म्हणून धूर संपला, आता शेगडी खोलीत घेऊ, हा थंडीतला हिशेब जीवघेणा ठरू शकतो. दार लावलेल्या न्हाणीत बंब पेटता ठेवून आंघोळ करणे तितकेच धोक्याचे आहे. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझरनेही हेच होते.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अंग गळणे ही लक्षणे घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी दिसली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पित्त समजून झोपू नये. सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, जाळ बाहेर काढण्यासाठी श्वास धरून पुन्हा आत जाण्याचे धाडस करू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नियम एकच. बंबाचे पाणी तापवावे, बादलीत काढावे, बंब बाहेर असावा, मगच दार लावावे. उदबत्ती, धूप किंवा सुगंधी फवारा मारून धुराचा वास झाकणे तर सर्वांत वाईट, कारण धोक्याची जी एकमेव घंटा होती तीही त्यामुळे बंद पडते.

घराबाहेरून येणाऱ्या धुराला जबाबदार कोण?

दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू परिसरात गुऱ्हाळांची दाट वस्ती आहे. गुऱ्हाळाचे स्वाभाविक इंधन म्हणजे वाळलेले चिपाड. मात्र चिपाड कमी पडले किंवा ओले राहिले, की भट्टीत प्लॅस्टिक आणि रबराचा कचरा टाकला जातो, अशा तक्रारी या भागात वारंवार होत आल्या आहेत. ऊस तुटल्यावर फडातले पाचट पेटवले जाते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असते. ही गरम हवा झाकणासारखी बसते आणि भीमा, घोड, मुळा-मुठेच्या खोऱ्यातील धूर खालीच तरंगत राहतो. अशा पहाटे घरातली चूल कितीही नीट केली तरी खिडकीतून वास येणारच.

या साखळीत सर्वांत खाली ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. गाळप हंगामात कारखान्यांच्या आसपास त्या उभ्या राहतात. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत तीन दगडांची चूल, धुराडे नाही, आणि शेजारीच झोळीत तान्हे मूल. त्यांना ‘वास कधी येतो ते दोन दिवस पाहा’ असा सल्ला देणे क्रूर आहे. त्यांच्यासाठी राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. हंगामापुरते सिलिंडर, निदान धुराडे असलेली सामाईक चूल, हा त्या कल्याणाचा पहिला भाग असायला हवा.

मग उपाय कुठे अडतो?

देशाने या प्रश्नावर पैसा खर्च केला नाही असे नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या फार मोठ्या संख्येने चुली काही वर्षांतच मोडल्या किंवा बंद पडल्या, कारण बसवणाऱ्याला पैसे मिळत होते, दुरुस्त करणाऱ्याला नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खरोखर गरीब घरात पोहोचला. हे मोठे काम आहे. पण २०१९-२० मध्ये उज्ज्वलाचे सरासरी घर वर्षाला तीनच सिलिंडर भरत होते, २०२३-२४ मध्ये हा आकडा चारच्या जवळ गेला. सिलिंडरमागे ३०० रुपयांचे अनुदान असूनही ही स्थिती आहे. चार-पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक चार सिलिंडरवर वर्षभर होत नाही. उरलेला जाळ चुलीचाच असतो.

दोन्ही योजनांची मोजपट्टी सारखीच चुकली. किती चुली बसवल्या, किती जोडण्या दिल्या हे मोजले गेले; घरातला धूर कमी झाला का, हे कोणी मोजले नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चुली दुरुस्त करत बसणे म्हणजे स्त्रीला आणखी वीस वर्षे चुलीपाशीच बसवणे नाही का? धुराडे धूर नाहीसा करत नाही, फक्त शेजाऱ्याच्या अंगणात पाठवते, हेही खरे. अंतिम उत्तर गॅस, वीज आणि सौरऊर्जा हेच आहे. शिरूर आणि दौंडचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो, हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते. आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंबाइतका सोपा उपाय दुसरा नाही आणि थंडीतला बराच धूर पाण्यापायीच होतो. पण ते उत्तर प्रत्येक घरी पोहोचेपर्यंत जी बाई उद्या पहाटे पाचला चूल पेटवणार आहे, तिच्या फुप्फुसांना थांबायला सांगता येत नाही. दुरुस्ती हा गॅसला पर्याय नाही. तो येईपर्यंतचा पूल आहे.

आणि हा पूल महाग नाही. दिवाळीआधी ग्रामपंचायतीने गावातल्या एका गवंड्याला किंवा पत्र्याच्या कारागिराला घरोघरची धुराडी तपासण्याचे काम द्यावे. आशा कार्यकर्तीने घरभेटीत एक प्रश्न वाढवावा : आंघोळीचे पाणी कुठे तापते आणि तिथे खिडकी आहे का? गुऱ्हाळाला परवानगी देताना इंधन कोणते, हे हंगामात जाऊन पाहिले जावे. पाचट जाळण्याऐवजी त्याची कुट्टी करून शेतात आच्छादन करणाऱ्याला यंत्र वेळेवर मिळावे.

घरातही एक वाटणी बदलावी लागेल. धुराडे छपरावर असते, काजळी काढायला शिडी लागते आणि हे काम पुरुषाचे म्हणून वर्षानुवर्षे राहून जाते. धूर मात्र खाली बसलेली बाई गिळते. छपरावर चढायला रविवारची एक सकाळ पुरते. पावसाळा संपला की कौले आणि पत्रे पाहिले जातात, त्याच दिवशी धुराड्यात कुंचा फिरला, तर त्या हिवाळ्यात घरातली मुले शाळेत धुराचा वास घेऊन जाणार नाहीत.